टीव्हीवरची जुन्या वस्तूंची दुरुस्ती आणि आपल्याकडचा हिशोब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यात आमचा जुन्या लाकडी आणि धातूच्या वस्तू दुरुस्त करण्याचा छोटा कारखाना आहे. साक्री, शिरपूर, अमळनेर, शहादा अशा सगळ्या बाजूंनी लोक वस्तू घेऊन येतात. टीव्हीवर किंवा मोबाइलवर असला एखादा कार्यक्रम पाहिलेला असला की त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

टीव्हीवर दिसतं ते काम खरं असतं का?

बहुतेक वेळा हात खरे असतात. लास वेगासच्या रिक डेल यांच्या कारखान्यावरचा ‘अमेरिकन रिस्टोरेशन’ २०१० मध्ये सुरू झाला. शीतपेयांची जुनी यंत्रं, पेट्रोलचे पंप असल्या वस्तू तिथे पार खोलून नव्याने उभ्या केल्या जायच्या. बीबीसीचा ‘द रिपेअर शॉप’ २०१७ पासून चालू आहे. इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्सच्या एका खुल्या संग्रहालयात, जुन्या कोठारात तो चित्रित होतो. घड्याळ, चामडं, लाकूड अशा एकेका कामात मुरलेली माणसं तिथे बसतात. घड्याळाचा चाप हातात धरण्याची पद्धत पाहिली तरी कळतं की या माणसाचं आयुष्य त्यात गेलं आहे. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण काम खरं असलं तरी ते पूर्ण दाखवलेलं नसतं. अमेरिकन टीव्हीवर अर्ध्या तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वगळल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. त्यात गिऱ्हाईक येणार, भाव ठरणार, काहीतरी अडणार, कारागिरांची थट्टामस्करी होणार आणि शेवटी वस्तूवरचा कपडा ओढला जाणार. प्रत्यक्ष कामाला किती मिनिटं येत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

‘व्हीलर डीलर्स’ या मोटारींच्या कार्यक्रमाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. त्यातला मिस्त्री एड चायना २०१७ मध्ये कार्यक्रमातून बाहेर पडला. गॅरेजमधलं बारकाईचं काम चित्रित करणं अवघड जातं म्हणून नव्या निर्मात्यांना तोच भाग कमी करायचा होता, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. प्रेक्षक ज्या कामासाठी कार्यक्रम बघत होते तेच काम निर्मात्यांना परवडेना.

टीव्हीवर दोन दिवसांत होतं, मग तुम्हाला तीन आठवडे का लागतात?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लाकडावरचं जुन्या पद्धतीचं पॉलिश घ्या. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, गाळून घ्यायची. सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि पातळ हात मारायचा. तो वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासायचं, पुसायचं, पुन्हा हात मारायचा. दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त हात दिले तर खालचा थर मऊ राहतो आणि चार महिन्यांनी त्यावर ठेवलेल्या कापडाची नक्षी उमटते. असे हात किती द्यायचे ते लाकडावर अवलंबून असतं. या कामात माणूस दिवसातून फार तर दोन तास गुंततो, बाकीचा वेळ वस्तू नुसती ठेवून द्यावी लागते. कॅमेऱ्याला त्या ठेवून देण्याचा काहीच उपयोग नसतो, त्यामुळे तो भाग कापला जातो.

त्यात आपलं हवामान. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. भर दुपारी स्पिरिट इतक्या लवकर उडतं की बोळा लाकडावर ओढला जातो आणि रेघा राहतात, म्हणून उन्हाळ्यात हे काम आम्ही पहाटेच करून घेतो. पावसाळ्यात उलटं असतं. हवेतला ओलावा पॉलिशमध्ये अडकून पांढुरका धुरकटपणा येतो. श्रावणात झड लागली की आम्ही पॉलिशला हात लावत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

सरस लावून सांधा जोडला तर तो शिकंजात एक रात्र तरी आवळून ठेवावा लागतो. निकेल किंवा क्रोमचा मुलामा चढवायचा असेल तर आमच्याकडून सुटे भाग नाशिकला किंवा सुरतेला जातात आणि त्यांच्या पाळीप्रमाणे परत येतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं लग्न तीन मिनिटांच्या व्हिडिओत बसवतात, तसंच हे आहे. व्हिडिओ खोटा नसतो, पण मांडव घालणाऱ्याचे कष्ट त्यात दिसत नाहीत.

तिथे सांगतात ते भाव खरे असतात का?

इथे मात्र मी सावध राहायला सांगेन. पडद्यावर आकडा दिसतो, पण त्यात काय धरलं आणि काय सोडलं ते दिसत नाही.

‘व्हीलर डीलर्स’मध्ये शेवटी हिशोब मांडतात : गाडी एवढ्याला घेतली, सुट्या भागांना एवढे गेले, एवढ्याला विकली, एवढा नफा. त्यात मिस्त्रीची मजुरी धरलेलीच नसते. जी गाडी बसवायला माणसाचे कित्येक दिवस गेले, त्या दिवसांची किंमत शून्य. मजुरी धरली तर त्यातले बरेच नफे तोट्यात जातील. कार्यक्रम करमणुकीचा असल्याने तिथे ते चालून जातं, पण तो हिशोब डोक्यात ठेवून आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीसमोर बसलं की अन्याय होतो.

‘रिपेअर शॉप’मध्ये तर वस्तू आणणाऱ्याकडून दुरुस्तीचे पैसेच घेत नाहीत. कारागिरांना कार्यक्रमाकडून मोबदला मिळतो. माझ्या मते हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे, कारण खोटा भाव सांगण्यापेक्षा भाव न सांगणं बरं. त्याचा एक परिणाम मात्र होतो. बघणाऱ्याच्या मनात बसतं की आजीच्या आठवणीची वस्तू आहे, कारागिराने मायेने करून द्यावी. माया आम्हालाही असते. पण आमच्याकडे चित्रपट कंपनी नाही, महिन्याचं वीजबिल आहे.

‘पॉन स्टार्स’ हा अमेरिकेतल्या गहाणवटीच्या दुकानावरचा कार्यक्रम नीट बघितला तर भावाबद्दल एक खरी गोष्ट शिकायला मिळते. तज्ज्ञ येऊन वस्तूची किंमत सांगतो आणि दुकानदार लगेच त्याच्या निम्म्याच्या आसपास बोलतो. विकणाऱ्याचा चेहरा पडतो. दुकानदार मात्र चूक नसतो. त्याला वस्तू ठेवायला जागा लागते, गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसे अडकतात, कधी ती विकलीच जात नाही. तज्ज्ञ सांगतो ती शेवटच्या गिऱ्हाईकाची किंमत असते, घरातून उचलून विकणाऱ्याला ती कुठेच मिळत नाही.

अमेरिकेतल्या भावाचे रुपये करून इथला भाव काढता येईल का?

नाही. तिथली मजुरी, तिथलं जागाभाडं, तिथले शौकीन वेगळे. पेट्रोलच्या जुन्या पंपाला तिथे मोठा भाव येतो, कारण ती त्यांच्या बालपणीची खूण आहे आणि ती विकत घेणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे पितळी बंबाची आठवण सगळ्यांना आहे, पण घरात ठेवायला जागा किती जणांकडे आहे?

मग तुमचा दर कसा ठरतो?

उदाहरणच देतो. समजा, सागवानी बंगई (झोपाळा) आहे. तिच्यावर तैलरंगाचे दोन-तीन थर चढलेत, एक कोपरा कुजलाय, सांधे हलतात आणि पितळी कड्या काळ्या पडल्यात. रंग काढायला दोन दिवस, सांधे खोलून पुन्हा बसवायला एक दिवस, कोपऱ्याला जुनं सागवान जोडायला एक, घासकामाला एक, कड्यांना एक. पॉलिशचे रोजचे दोन तास आठ दिवस धरले तर तेही दोन दिवस होतात. एकूण आठ दिवसांचं काम झालं. मिस्त्रीची हजेरी १,००० रुपये धरू, म्हणजे मजुरी ८,०००. लाख, स्पिरिट, पॉलिश पेपर आणि लाकडाचा तुकडा मिळून १,८००. जागा, वीज, हत्यारांची झीज १,२००. झाले ११,०००. त्यावर आमचे १,५०० धरले तर १२,५००.

हा आकडा ऐकून एक काका म्हणाले होते, “काय सांगस भाऊ, इतला पैसा? इतल्यामा नवी ई!” येईलही नवी. म्हणूनच मी आधी विचारतो, वस्तू वापरायला हवी आहे की ती तीच वस्तू म्हणून हवी आहे? नुसती बसायला बंगई हवी असेल तर नवी घ्या, मी स्वतः दुकान सुचवतो. पण सातपुड्यातल्या जुन्या, दाट रेषांच्या सागाची असेल तर तसं लाकूड आज बाजारात सहज मिळत नाही, हेही सांगतो.

या हिशोबात हजेरीचा आकडा सगळ्यात मोठा आहे, हे लक्षात घ्या. दर निम्मा करायचा तर तो सामानातून निघत नाही, माणसाच्या दिवसांतूनच निघतो.

काम उक्तं द्यावं की रोजावर?

आधी थोडं रोजावर, मग उक्तं. जुनी वस्तू खोलल्याशिवाय आतली वाळवी, तुटलेला खिळा, कुणीतरी आधी मारलेला जोड दिसत नाही. न खोलता उक्तं सांगणारा एकतर भीतीपोटी जास्त सांगतो किंवा कमी सांगून मागून वाढवतो. खोलायचा आणि तपासायचा एक दिवस आम्ही वेगळा लावतो, त्यानंतर लेखी उक्ता आकडा देतो. इसार एक तृतीयांशाहून जास्त मागितला तर सामान कुठलं घ्यायचं आहे ते विचारा.

घासाघीस करावी का?

कामावर करा, हजेरीवर नको. ‘पाठीमागची बाजू भिंतीला लागते, तिला पॉलिश नको’ किंवा ‘तुमचं तपासून झालं की कड्या मी घरी चिंचेने घासून घेतो’ असं म्हणालात तर पैसे खरोखर कमी होतात आणि कुणाचं नुकसान होत नाही. ‘शेवटचा आकडा बोला’ म्हणालात तर कारागीर तोंडाने हो म्हणेल आणि पॉलिशचे चार हात कमी मारेल. तुम्हाला ते दिवाळीपर्यंत कळणारही नाही.

फसवणूक कशी ओळखायची?

गाडीच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी सगळेच भरतात, त्यात गैर काही नाही. पण गंजलेला पत्रा कापून नवा न जोडता त्यावर लांबीचा जाड थर दिला असेल तर दोन पावसाळ्यांत तो फुगून बाहेर येतो.

लाकडी वस्तूची आतली आणि खालची बाजू बघा. समोर गडद सागवानी रंग आणि ड्रॉवरच्या पोटात प्लायवूड असेल तर ‘जुनी वस्तू’ हे नावापुरतंच. जुन्या कामात फळीचं टोक दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी ठोकलेली असते, चकचकीत स्क्रू नसतात. चालू कामाचे फोटो मागा. प्रामाणिक कारागीर ते आनंदाने दाखवतो, कारण त्याचे कष्ट तिथेच दिसतात.

मोबाइलवरच्या ‘गंजलेली वस्तू नवी केली’ छापाच्या व्हिडिओंबद्दलही विचारतात. त्यातले कित्येक बनावट असतात. चांगली वस्तू आम्लात किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून गंजवतात आणि मग साफ करतात. खरा गंज एकसारखा नसतो. जिथे पाणी साचतं तिथे तो खोल खातो, जिथे हात लागतो तिथे कमी असतो. सगळीकडे एकाच रंगाचा, वरवरचा, भुकटीसारखा गंज दिसला आणि आतले स्क्रू पहिल्याच फिरवण्यात निघाले तर समजून जा.

वस्तू नवी कोरी दिसली म्हणजे दुरुस्ती चांगली झाली ना?

टीव्हीने सगळ्यात जास्त नुकसान इथे केलं आहे असं माझं मत आहे. कपडा ओढल्यावर टाळ्या पडायच्या तर वस्तू चमकायलाच हवी, मग तिच्या अंगावरची सगळी वर्षं घासून काढली जातात.

आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. अजिंठ्याची चित्रं जळगावहून तासा-दीड तासावर. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास ती वाचवण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर लाखेचा थर दिला. तेव्हा रंग उठून दिसले. पुढे तोच थर पिवळा पडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि चित्रं झाकोळली. तो काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना नंतर वर्षानुवर्षं अत्यंत नाजूक काम करावं लागलं. हे करणारे लोक अडाणी नव्हते, त्यांच्या काळातले जाणकार होते. म्हणून आज संग्रहालयात काम करणारे एक नियम पाळतात : जे लावाल ते पुढच्याला काढता आलं पाहिजे.

घरच्या वस्तूला इतकं कडक व्हायची गरज नाही. पाटा रोज वापरायचा असेल तर त्याला टाकी लावावीच लागते. पण जुनी नाणी घासू नका, घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. भांड्यावर पणजीचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं असेल तर बफ मशीनवर ते भांडं देऊ नका. पोथी असेल तर आमच्याकडे आणूच नका. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आणि श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर आहेत. जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं जपणं हा त्यांचाच विषय आहे.

वाड्याचे दरवाजे आहेत, लाखो रुपये मिळतील का?

धाब्याचं घर पाडलं की तुळया, खांब, कोरीव चौकटी घ्यायला माणसं दारात येतात. घनफुटाने सागाचा भाव करतात आणि कोरीवकामाचा एक रुपयाही देत नाहीत. तोच दरवाजा पुढे मुंबईत जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचर बाजारात कोरीवकामासकट विकला जातो. लाखो मिळतील असं मी म्हणत नाही. पण लाकूड म्हणून विकू नका, दरवाजा म्हणून विका आणि निदान दोघातिघांकडून भाव घ्या.

कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं, कोरीव कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात. खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. काही प्रकारांची नोंदणीही करावी लागते. देवघरातली जुनी मूर्ती विकत मागायला अनोळखी माणूस आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आजोबांची राजदूत किंवा येझदी चालू करता येईल का?

चालू करणं बहुधा जमतं. सुटे भाग मिळवणं हा खरा वेळखाऊ भाग आहे. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद झाला. पण आधी कागद बघा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. एमएच १८, १९ किंवा ३९ चा जुना कागद हरवला असेल तर इंजिनला पाना लावण्याआधी आरटीओत चौकशी करा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते, शुल्क २०,००० रुपये. त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, मेळावा-प्रदर्शनापुरतीच काढायची. टीव्हीवर बघून रुंद टायर आणि दुसरं इंजिन बसवायचा विचार असेल तर हा रस्ता बंद होईल.

मर्फीचा जुना रेडिओ थेट प्लगला लावून बघू का?

अजिबात नको. आतले कंडेन्सर वाळलेले असतात, ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. जाणकाराकडून कंडेन्सर बदलून घ्या, मग वीज द्या.

आपल्याकडचे कारागीर टीव्हीवरच्यांच्या तोडीचे आहेत का?

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तुम्ही पाहिलं आहे का? लोहार चाकाचा घेर मोजतो आणि लोखंडी पट्टीचं कडं त्याहून किंचित लहान करतो. ते कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात. तापलं की ते फुगतं. तीन-चार माणसं सांडशीने धरून ते चाकावर बसवतात, घण मारतात आणि लगेच पाणी ओततात. निवताना कडं आकसतं आणि आरे, पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे), तुंबा (मधला गड्डा) सगळे एकमेकांत घट्ट आवळले जातात. किंचित म्हणजे किती, हा सगळा प्रश्न आहे. जास्त लहान झालं तर आरे वाकतात, सैल राहिलं तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव निघून पडते. हे ठरवताना लोहाराला बाभळीचं लाकूड किती सुकलंय तेही धरावं लागतं. माझ्या लहानपणी आठवडे बाजाराच्या गावांत हे नेहमी दिसायचं. आता गाड्यांना रबरी टायर आले.

कल्हईवाल्याचंही तसंच. भांडं बरोबर तेवढंच तापलं, नवसागर टाकला, कथील कापसाने एका फेऱ्यात सगळीकडे फिरलं, तर चांदीसारखा थर येतो. थोडं जास्त तापलं तर तो पिवळट पडतो. कथील तांब्याहून महाग आहे. तरी लोक कल्हईवाल्याला चहाच्या पैशांत काम सांगतात आणि वर कल्हईवाले उरले नाहीत म्हणून हळहळतात.

तोडीचे आहेत का? माझ्या मते हो. फरक एवढाच की तिथल्या माणसाशेजारी बसून कुणीतरी त्याला विचारतं, ‘हे तुम्ही असंच का केलं?’ आपल्याकडे तो प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आयटीआयमधून सुतारकाम किंवा वेल्डिंग शिकून मुलं बाहेर पडतात आणि पुण्या-सुरतेला जातात, कारण तिथे दिवसाचा दाम मिळतो. तो इथे मिळाला तर ती इथे राहतील. माझ्या कारखान्यातला मुलगा टिकून आहे तो याच कारणाने.

वस्तू आणण्याआधी घरी काय करावं?

फार काही करू नका. ब्रासो, चिंच, पॉलिश, काहीही लावू नका, कारण वरची घाण बघूनच खाली काय आहे ते आम्हाला कळतं. तुटलेले तुकडे, वाकलेले खिळे, हरवता हरवता सापडलेली मूठ, सगळं एका पिशवीत घालून आणा. मूळ तुकडा असला तर नवा घडवावा लागत नाही आणि तेवढी मजुरी वाचते. वस्तूचा जुना फोटो घरात असेल तर तोही आणा, लग्नाच्या अल्बममध्ये मागे उभी असलेली दिसली तरी चालेल. जुना रंग घरी खरवडायला बसू नका. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. आणि लाकडाखाली पिवळसर भुकटी पडत असेल तर आधी फोनवर सांगा, म्हणजे कीड दुसऱ्यांच्या वस्तूंना लागू नये म्हणून आम्ही वेगळी जागा करून ठेवतो.